लठ्ठपणाची शारीरिक व मानसिक कारणे

लठ्ठपणा (स्थूलता, मेदवृद्धी) म्हणजे आरोग्यास अपाय होईल इतका मेद शरीरात साठण्याची अवस्था होय. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पित्ताशयातील खडे, गुडघ्यांची झीज, निद्राश्वसनरोध आणि काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका लठ्ठपणामुळे वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२२ साली जगातील दर आठ व्यक्तींपैकी एक व्यक्ती लठ्ठ होती, आणि १९९० पासून प्रौढांमधील लठ्ठपणाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले होते.

अति खाणे आणि आळस हीच लठ्ठपणाची कारणे होत, असा सर्वसाधारण समज आहे. वैद्यकशास्त्राचा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. आनुवंशिकता, गर्भावस्थेतील पोषण, भूक नियंत्रित करणारी संप्रेरके, झोप, औषधे, मनावरील ताण, बालपणातील अनुभव आणि भोवतालची अन्नव्यवस्था या सर्वांचा त्यात वाटा असतो. या विषयाचे एक महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रातच, पुणे परिसरातील खेड्यांत झाले आहे. कृश दिसणाऱ्या शरीरातही घातक मेद असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

मापन

लठ्ठपणा मोजण्यासाठी देहभार निर्देशांक, अर्थात बीएमआय, सर्वत्र वापरला जातो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, १.६० मीटर उंची व ६४ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक २५ येतो. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांचे आहे. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले.

जागतिक निकषांनुसार २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे अतिवजन आणि ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे लठ्ठपणा. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनातही मधुमेह उद्भवतो. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक निकषांत २३ पासून अतिवजन व २५ पासून लठ्ठपणा मानला आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास तो धोक्याचा समजतात.

निर्देशांक केवळ वजन व उंची यांचे नाते सांगतो. वजनातील किती भाग स्नायूंचा व किती मेदाचा, हे त्यावरून कळत नाही. त्वचेखालील मेदापेक्षा पोटातील अवयवांभोवती साठलेला मेद अधिक घातक असतो. त्यामुळे कमरेच्या घेराचे मोजमापही आवश्यक ठरते.

प्राचीन भारतीय विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात देहाच्या आठ निंद्य प्रकारांचे वर्णन आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोन्हींचा समावेश होतो. अतिस्थूलतेची जी कारणे तेथे दिली आहेत त्यांत अतिभोजन, जड, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे यांबरोबरच 'हर्षनित्यत्व' (सदैव आनंदात राहणे), 'अचिंतन' (चिंता नसणे) आणि 'बीजस्वभाव' (आईवडिलांकडून आलेली प्रकृती) यांचाही उल्लेख आहे. निश्चिंत मनाने मेद वाढतो, असे तेथील निरीक्षण आहे. आधुनिक मानसशास्त्र चिंतेने व ताणानेही तो वाढतो असे सांगते. दिशा भिन्न असल्या, तरी आहार, मन व आनुवंशिकता या तिन्हींचा एकत्र विचार दोन्हींकडे आढळतो.

शारीरिक कारणे

ऊर्जेचा ताळेबंद

अन्नातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा अधिक असल्यास शरीर ती मेदाच्या रूपाने साठवते. एक किलो मेदात सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. मात्र हा ताळेबंद दुकानाच्या वहीइतका सरळ नाही. वजन वाढले की मोठ्या शरीराचा खर्चही वाढतो आणि वाढीचा वेग मंदावतो. वजन घटले की शरीर आपला खर्च आखडता घेते व भूक वाढवते. ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंवर शरीराचेच नियंत्रण असल्याने केवळ निश्चयाच्या बळावर तो दीर्घकाळ बदलून ठेवणे कठीण जाते.

भुकेचे नियमन

मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग भूक व तृप्ती यांचे नियमन करतो. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक शरीरात किती साठा आहे याची वर्दी मेंदूला देते. त्याचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. ते मुख्यतः जठरातून स्रवते. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-१ हे संप्रेरक तृप्तीची जाणीव देते. अलीकडची वजन कमी करणारी काही औषधे याच संप्रेरकाच्या क्रियेवर आधारलेली आहेत.

लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन सहसा भरपूर असते, परंतु मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. साठा भरलेला असूनही भुकेची हाक थांबत नाही. उलट, आहार कमी करून वजन घटवले की लेप्टिन झपाट्याने उतरते आणि शरीर दुष्काळ आल्यासारखे वागू लागते.

आनुवंशिकता

डेन्मार्कमधील ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास अल्बर्ट स्टंकार्ड व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. या व्यक्तींची अंगकाठी ज्यांनी वाढवले त्या पालकांपेक्षा जन्मदात्यांच्या अंगकाठीशी जुळत होती. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही असाच निष्कर्ष निघाला. व्यक्तिव्यक्तींमधील निर्देशांकाच्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असल्याचे मानले जाते.

एकाच जनुकातील दोषामुळे येणारा लठ्ठपणा विरळ असतो. लेप्टिनचा जन्मजात अभाव हे त्याचे उदाहरण आहे. बहुतेकांच्या बाबतीत अनेक जनुकांचा अल्प-अल्प परिणाम एकत्र येतो. २००७ साली एफटीओ या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध उघड झाला. ही जनुके प्रामुख्याने मेंदूतील भूक-तृप्तीच्या यंत्रणेवर काम करतात. जनुके प्रवृत्ती ठरवतात, तर ती प्रत्यक्षात कितपत उतरेल हे बऱ्याच अंशी परिसर ठरवतो. दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. म्हणून लठ्ठपणाच्या अलीकडील झपाट्याच्या वाढीचे कारण परिसरातच शोधावे लागते.

रोग, औषधे आणि झोप

थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावणे, कुशिंग विकार आणि स्त्रियांमधील बीजकोशांचा विकार (पीसीओएस) यांत वजन वाढू शकते. थायरॉइडच्या कमतरतेने होणारी वाढ बहुधा मर्यादित असते. त्यामुळे मोठ्या वजनवाढीचे सारे खापर या एका ग्रंथीवर फोडता येत नाही. स्टेरॉइड, इन्शुलिन, मनोविकारांवरील काही औषधे (ओलान्झापीन, क्लोझापीन) व अपस्मारावरील व्हॅलप्रोएट यांमुळेही वजन वाढते. अशी औषधे वैद्याच्या सल्ल्यावाचून बंद करणे धोक्याचे असते.

अपुऱ्या झोपेमुळे लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि गोड व पिष्टमय पदार्थांची इच्छा बळावते, असे प्रयोगांत आढळले आहे. रात्रपाळीच्या कामामुळे खाण्या-झोपण्याच्या वेळा शरीराच्या घड्याळाशी विसंगत होतात. वयानुसार स्नायू कमी होणे, गरोदरपण आणि रजोनिवृत्ती हेही वजन वाढण्याचे व मेदाची जागा बदलण्याचे टप्पे आहेत.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या खेड्यांतील शेतकरी स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांचा आहार मर्यादित होता आणि घरचे व शेतातले काम कष्टाचे होते. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे वजन सुमारे साडेतीन किलो होते.

पुण्याकडील बाळे सर्वच मापांनी लहान होती. मात्र त्यांचे स्नायू व पोटातील अवयव विशेष लहान होते आणि त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. कृश दिसणारे हे बाळ प्रमाणाने मेदयुक्त होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे 'कृश-स्थूल भारतीय बालक' ही संकल्पना रूढ झाली. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती, असेही या अभ्यासात दिसले. बहुसंख्य मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फॉलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मेद व इन्शुलिनला होणारा प्रतिरोध जास्त आढळला.

डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. वजनकाटा दोघांना एकाच मापाने मोजत होता, तरी शरीराची घडण भिन्न होती.

या संशोधनाचा अर्थ असा की, लठ्ठपणाचे बीज काही वेळा मातेच्या उपासमारीत असते. टंचाईच्या अपेक्षेने घडलेल्या शरीराला पुढे विपुलता मिळाली की मेद व मधुमेह दोन्ही लवकर येतात. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी अल्प जन्मवजन व प्रौढपणीचे आजार यांचा जो संबंध मांडला, त्याला पुण्याच्या अभ्यासाने भारतीय संदर्भ दिला.

मानसिक कारणे

भावनिक खाणे

खाणे ही केवळ भुकेची प्रतिक्रिया नसते. गोड व तेलकट अन्नामुळे मेंदूतील सुखकेंद्रे उद्दीपित होतात आणि दुःख, एकटेपणा, कंटाळा किंवा राग काही काळ शमतो. ही सुटका क्षणिक असली तरी सवय जडण्यास पुरेशी ठरते. दीर्घकालीन ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते. त्यामुळे भूक वाढण्याकडे व पोटाभोवती मेद साठण्याकडे कल होतो. नैराश्य व लठ्ठपणा यांचे नाते दुहेरी आहे. एकामुळे दुसऱ्याचा धोका वाढतो.

थोड्या वेळात खूप अन्न खाणे, आपल्याला थांबता येत नाही असे वाटणे आणि नंतर पश्चात्ताप होणे, हे प्रसंग वारंवार घडू लागल्यास त्याला अतिभक्षण विकार म्हणतात. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. सकाळी भूक नसणे व रात्री उठून खाणे या लक्षणसमूहाचे वर्णन स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच केले होते. हे विकार उपचारयोग्य आहेत. त्यांना हावरटपणा समजल्यास रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचत नाही.

बालपणातील अनुभव

अमेरिकेतील सॅन दिएगो येथील वैद्य व्हिन्सेंट फेलिटी यांना १९८० च्या दशकात एक कोडे पडले. त्यांच्या वजन-नियंत्रण उपक्रमात चांगले यश मिळत असलेल्या व्यक्तीच तो मध्येच सोडून जात होत्या. त्यांपैकी अनेकांनी बालपणी अत्याचार सोसले होते, आणि काहींना वाढलेले शरीर हे संरक्षक कवच वाटत होते. या निरीक्षणातून उभा राहिलेला, बालपणातील प्रतिकूल अनुभवांचा व्यापक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिकूल अनुभवांची संख्या जसजशी वाढते, तसतसा प्रौढपणी तीव्र लठ्ठपणाचा धोकाही वाढतो, असे त्यात दिसले.

घरातील साध्या सवयींचाही परिणाम होतो. रडणाऱ्या मुलाला खाऊ देऊन गप्प करणे, अभ्यासाचे बक्षीस म्हणून गोड देणे, पोट भरल्यावरही ताट स्वच्छ करण्याची सक्ती करणे, यांमुळे मूल स्वतःच्या तृप्तीची खूण ओळखण्यास विसरते. दूरचित्रवाणी किंवा मोबाइल पाहत जेवताना किती खाल्ले याचे भान राहत नाही.

संस्कृती व धारणा

मराठी समाजात पंगतीतील आग्रह हे आदरातिथ्याचे लक्षण मानले जाते आणि नको म्हणणे अनेकदा यजमानाचा अनादर ठरते. बाळसेदार मूल हे निरोगी मूल, आणि भरल्या अंगाचा माणूस 'खात्यापित्या घरचा', या समजुती टंचाईच्या काळात स्वाभाविक होत्या. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीत एक मानसशास्त्रीय निरीक्षणही दडले आहे. उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे व तूप यांमुळे नेहमीपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जाऊ शकते, आणि वर्ज्य ठरवलेल्या अन्नाकडेच मन ओढ घेते.

शरीर व मन यांचा परस्परसंबंध

शारीरिक व मानसिक कारणे अभ्यासाच्या सोयीसाठी वेगळी केली जातात. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. अँसल कीज यांनी १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर अर्ध-उपासमारीचा प्रयोग केला. सुमारे सहा महिन्यांत त्यांचे वजन साधारण एक चतुर्थांशाने घटले. या काळात ते चिडखोर व उदास झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. निर्बंध उठल्यावर अनेकांनी प्रचंड प्रमाणात खाल्ले आणि काही काळ त्यांच्या शरीरातील मेद पूर्वीपेक्षाही वाढला. प्रयोगापूर्वी हे तरुण मनाने सुदृढ होते. खाण्यावरील ताबा सुटणे ही त्यांच्या स्वभावाची दुर्बलता नव्हती, ती उपाशी शरीराची मागणी होती. कडक आहारनियमांनी उतरवलेले वजन पुन्हा का चढते, याचे स्पष्टीकरण या प्रयोगात सापडते.

परिसर व महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील २३.४ टक्के स्त्रिया अतिवजन किंवा लठ्ठ (निर्देशांक २५ व अधिक) आढळल्या. त्याच वयोगटातील २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी होते. कुपोषण व अतिपोषण राज्यात शेजारी-शेजारी नांदतात. शहरी भागात लठ्ठपणा अधिक असला, तरी ग्रामीण भाग त्यापासून मुक्त नाही.

ग्रामीण जीवनातील बदल पूर्व विदर्भाच्या भातपट्ट्यात स्पष्ट दिसतो. भंडारा जिल्ह्यात भात हे मुख्य पीक व मुख्य अन्न आहे. किल्ल्यासाठी ओळखले जाणारे सानगडी हे साकोली तालुक्यातील गाव याच पट्ट्यात येते. बैलांच्या नांगराने चिखलणी, पऱ्हे उपटणे, चिखलात वाकून रोवणी, विळ्याने कापणी, बैलांच्या पायांखाली धान चुरणे आणि घरी उखळात कांडणे, असा येथील भाताचा पारंपरिक प्रवास होता. प्रत्येक टप्प्याला अंगमेहनत लागे, आणि भरपूर भाताचे जेवण त्या मेहनतीला साजेसे होते.

आता बांधीतील चिखलणी ट्रॅक्टरने होते, मळणीला यंत्र आले आहे आणि कांडण गिरणीत होते. पायवाटांची जागा दुचाकीने घेतली आहे. रोवणीचे कष्ट अजूनही मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात, पण ते हंगामापुरते असतात. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळातून कोंडा व त्यातील तंतुमय भाग निघून जातो. श्रम घटले तरी ताटातील भाताचे प्रमाण सवयीने तेच राहिले, तर शिल्लक ऊर्जा मेदात साठते. त्यात डाळ, भाजी व मासे यांचे प्रमाण कमी असल्यास स्नायूंची वाढ मागे पडते. पुण्याच्या अभ्यासातील कृश-स्थूल शरीररचनेचा विचार अशा सर्वच कष्टकरी भागांना लागू पडतो.

पाकीटबंद वेफर, बिस्किटे, शेव व शीतपेये आता खेड्यातील किराणा दुकानातही मिळतात. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० व्यक्तींना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त व दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाण्यास दिले. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात त्यांनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या. माणसे तीच होती, बदलले होते ते फक्त अन्न. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेत व शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली आहे.

उपहास व दोषारोप

लठ्ठ मुलाला वर्गात टोपणनावे ठेवली जातात, लठ्ठ स्त्रीला विवाहाच्या बोलणीत नाकारले जाते आणि दवाखान्यात अन्य तक्रारींनाही 'आधी वजन कमी करा' असे उत्तर मिळते. उपहासाने वजन घटते, या समजाला संशोधनाचा आधार नाही. उपहास सोसणाऱ्या व्यक्तींत ताण, एकांतात खाणे आणि पुढे वजन वाढणे अधिक आढळते. मैदानावर हसले जाणारे मूल मैदानात जाणेच सोडते. अशा रीतीने लठ्ठपणाचा परिणाम पुन्हा त्याचेच कारण बनतो.

कारणे व उपाय यांचा संबंध

कारणे अनेक असल्याने सर्वांना लागू पडणारा एकच उपाय नाही. उपचारापूर्वी औषधे, झोप, संप्रेरकांचे विकार, मनःस्थिती व कौटुंबिक इतिहास यांची चौकशी आवश्यक असते. आहार व व्यायामाबरोबर वर्तनोपचार, गरज भासल्यास औषधे आणि तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रिया यांचा अवलंब केला जातो. सुरुवातीच्या वजनात पाच ते दहा टक्के घट टिकली, तरी रक्तातील साखर व रक्तदाब यांत लक्षणीय सुधारणा होऊ शकते. वजन फारसे न घटताही नियमित चालणे व स्नायूंचे व्यायाम लाभदायक ठरतात.

प्रतिबंधाची सुरुवात व्यक्तीच्या इच्छाशक्तीच्याही आधी होते. किशोरवयीन मुलींचे व गरोदर मातांचे पोषण, मुलांना खेळण्यास मोकळी जागा, शाळेच्या परिसरातील अन्न आणि पुरेशी झोप ही त्याची अंगे होत. पुण्याजवळील खेड्यांतील अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे, पुढील पिढीच्या मधुमेहाचा विचार आजच्या मुलीच्या ताटातील पालेभाजी, दूध व फळांपासून करावा लागतो.